आवास योजनेतले व्याज अनुदान आणि बांधकाम अनुदान: दोन वेगळी दारे

‘पंतप्रधान आवासचे अडीच लाख आले का?’ असे बँकेत विचारणारा आणि ‘माझा कर्जाचा हप्ता कधी कमी होणार?’ म्हणून नगरपालिकेत खेटे घालणारा, दोघेही चुकीच्या दारात उभे असतात.

व्याज अनुदान बहुतेकांना ठाऊक आहे. पंतप्रधान आवासच्या शहरी योजनेच्या नव्या टप्प्यात, म्हणजे शहरी आवास २.० मध्ये, उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान. पैसे थेट कर्जखात्यात जमा होतात. जुन्या योजनेतला २.६७ लाखांचा आकडा अजून फिरवला जातो, तो कृपा करून थांबवा. आता कमाल १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. अनुदानाचा हप्ता सुटताना कर्ज चालू आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी हवे. घाईने कर्ज फेडले तर उरलेले हप्ते बुडतात.

घोळ होतो तो बांधकाम अनुदानात, म्हणजे बीएलसीत (स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्यांसाठीचा भाग). उत्पन्न ३ लाखांपर्यंत, जागा स्वतःची, केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख. व्याज अनुदानात अटींत बसलात की बँक तुमचा दावा पुढे पाठवते. बीएलसीत नुसते अटींत बसून भागत नाही. पालिका अर्ज तपासून लाभार्थ्यांची यादी प्रकल्प अहवालात घालते, तो आधी राज्याच्या समितीकडे आणि मग केंद्राच्या समितीकडे जातो. त्या यादीत नाव नसेल तर अर्ज कितीही चोख असो, रुपया सुटत नाही. म्हणून ‘अर्ज भरला का?’ यापेक्षा ‘माझे नाव कुठल्या अहवालात गेले?’ हे पालिकेत विचारावे. मंजुरीनंतरही रक्कम टप्प्याटप्प्याने येते: पाया, लिंटल (दारे-खिडक्यांवरची तुळई), छप्पर, पूर्ण घर, प्रत्येकाचा जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो. फोटो अडला की हप्ता अडला. सुरुवातीच्या कामाचे पैसे हाताशी ठेवूनच कुदळ मारा.

गोव्यात यादीत नाव जाण्याआधीच गाडी अडते ती जागेच्या कागदावर. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) कब्जेदार म्हणून आजोबा, खाली डझनभर वारस आणि तुमचे घर फक्त ‘इतर हक्क’ या रकान्यात, हे चित्र घरोघरी दिसते. ‘इतर हक्क’मधली नोंद म्हणजे मालकी नव्हे. घरपट्टीची पावतीही मालकी नव्हे. ती फायलीला लावून निश्चिंत होणारे पाहिले की जीव तुटतो. वडिलोपार्जित जागा असेल तर आधी सक्सेशन डीड (वारस ठरवणारा दस्त) करा, वाटणी करून घ्या, नाहीतर सहहिस्सेदारांची लेखी संमती चालेल का ते पालिकेला विचारा. मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, १९७५ च्या कायद्याने घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळते, पण मालकी मिळते ती मामलेदाराकडे खरेदीची प्रक्रिया पुरी केल्यावरच. ती आधी सुरू करा, आवासचा अर्ज नंतर.

पंचायत हद्दीतल्यांची वाट निराळी: आवास ग्रामीण, ग्रामसभेने पडताळलेली यादी, सपाट भागात १.२० लाख. आणि कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर असेल, तर यातले कुठलेच दार उघडणार नाही.