औषध आधी, कारण मागाहून

फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या फाइलमध्ये हल्ली एक ओळ सगळ्यात आधी शोधली जाते: 'ईजीएफआर पॉझिटिव्ह'. २००४ च्या आधी अशी ओळ कुठल्याच रिपोर्टात नसायची. पेशी भिंगाखाली बघून कॅन्सरचा प्रकार स्मॉल सेल की नॉन-स्मॉल सेल एवढं ठरायचं, आणि पसरलेला नॉन-स्मॉल सेल असेल तर जवळपास सगळ्यांना तीच प्लॅटिनमवाली केमो.

ईजीएफआर हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. वाढीचा निरोप आला की ते जागं होतं, एरवी गप्प. तो निरोप देणारा घटक स्टॅनली कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. १९८६ चं नोबेल त्यांना रीटा लेवी-मोंताल्चिनी यांच्यासोबत मिळालं. जनुकात बिघाड झाला की निरोप नसतानाही हे प्रथिन जागंच राहतं, दाराची बेल अडकून वाजत राहावी तसं. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये असंच होतं, हे कळायच्या आधी बेल बंद करणारी गोळी बाजारात आली होती!

ती गोळी म्हणजे गेफिटिनिब, ब्रँडचं नाव इरेसा. जपानने तिला जुलै २००२ मध्ये परवानगी दिली, अमेरिकेने मे २००३ मध्ये. अमेरिकेतल्या चाचणीत दहांतल्या जेमतेम एकाला गुण आला, पण ज्याला आला त्याची गाठ आठवड्यांत विरघळू लागली. गुण येणाऱ्यांत बायका, कधी धूम्रपान न केलेले आणि पूर्व आशियातले लोक जास्त. का, ते कुणालाच सांगता येईना. जपानात याच गोळीने काहींची फुफ्फुसं सुजली, मृत्यू झाले, प्रकरण कोर्टात गेलं.

उत्तर एप्रिल २००४ मध्ये बॉस्टनमधल्या दोन गटांनी एकाच वेळी दिलं. एका गटाने गुण आलेल्या ९ जणांच्या गाठी तपासल्या. ८ जणांत ईजीएफआर जनुकात बदल होता. गुण न आलेल्या ७ जणांत एकातही नाही. दुसऱ्या गटाला जपानी रुग्णांच्या ५८ गाठींपैकी १५ मध्ये बदल आढळला, अमेरिकेतल्या ६१ पैकी फक्त एकीत.

आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात औषध आपटलं. एका मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं ठोस दिसलं नाही, कारण बदल असो-नसो, सगळ्यांना सरसकट गोळी दिली होती. २००५ मध्ये अमेरिकेने वापरावर बंधनं घातली. औषधाचा दोष नव्हता, निवडीचा होता, असं माझं मत. २००९ मध्ये पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवरच्या अभ्यासाने ते पक्कं केलं: बदल असेल तर गोळी केमोपेक्षा सरस, नसेल तर केमोपेक्षा वाईट. तपासणी आधी, गोळी नंतर, हा क्रम तिथून बसला.

पण आजार थांबून राहत नाही. चेहऱ्यावर पुरळ, जुलाब, बोटाला नखुरडं हे सगळं सोसून रुग्ण वर्षभर बरा असतो, मग स्कॅनमध्ये पुन्हा डाग. २००५ मध्येच त्याचं एक कारण सापडलं: 'टी७९०एम' हा दुसरा बदल, जवळपास निम्म्या रुग्णांत. त्यावर मात करणारी ओसिमर्टिनिब अमेरिकेत नोव्हेंबर २०१५ मध्ये मंजूर झाली. ती मेंदूतल्या गाठींपर्यंतही पोचते, आणि या प्रकारात आजार मेंदूत जाणं नेहमीचंच.

आपल्याकडची अडचण त्याआधीच सुरू होते. आयुष्यात विडीला हात न लावलेली बाई, खोकला, छातीत पाणी. एक्स-रेवर डाग दिसला की एकेटी, म्हणजे टीबीचा उपचार, सुरू. टीबीच्या गोळ्यांत महिने जातात, बायोप्सी होईपर्यंत स्टेज फोर. भारतात अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या (नॉन-स्मॉल सेलचाच एक प्रकार) साधारण चौथ्या हिश्श्यात, काही पाहण्यांत त्याहून जास्त रुग्णांत, ईजीएफआरचा बदल सापडतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ३५० रुग्णांवर गेफिटिनिबसोबत केमो देऊन पाहिली. आजार रोखून धरण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ वर गेला. २०१९ मध्ये आलेला हा निकाल जगभर वाचला गेला.

तपासणीचा सगळा भार मात्र सुईने काढलेल्या, तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्यावर. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, आणि गावाकडून परळला येणाऱ्या नातेवाइकाच्या पिशवीत स्लाइडसोबत हा 'ब्लॉक' असतो. कधी तुकडा आधीच्याच तपासण्यांत संपलेला निघतो. रक्तातून बदल शोधणारी चाचणी अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाली, पण रक्तात काही सापडलं नाही तर पुन्हा सुईच.