बायकोचं ग्रीन कार्ड 'अप्रूव्ह' झालं म्हणजे नक्की काय झालं?

आमच्या हिचं ग्रीन कार्ड शेवटी आलं आणि तेव्हापासून ओळखीतले लोक फोन करून विचारतात, आमचंपण अप्रूव्ह झालं, आता तिकीट काढू का? मी आधी विचारतो, कुठलं अप्रूव्ह? कारण पहिलं येतं ते आय-१३० पिटिशनचं, म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदारानं (तोच स्पॉन्सर) टाकलेल्या अर्जाचं अप्रूव्हल आणि त्याचा अर्थ एवढाच की तुमचं नवरा-बायकोचं नातं यूएससीआयएसनं, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानं मान्य केलं. व्हिसा अजून लांब आहे. पेढे वाटायचे तर वाटा, पण नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि भाड्याचं घरही सोडू नका.

जोडीदार भारतात असेल तर केस यूएससीआयएसकडून एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटर) जाते, फी भरायची, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म भरायचा, कागद अपलोड करायचे, मग इंटरव्यू. (जोडीदार आधीच अमेरिकेत असेल तर आय-४८५, म्हणजे तिथल्या तिथे ग्रीन कार्डचा अर्ज, तो रस्ता वेगळा.) स्पॉन्सर सिटिझन असेल तर व्हिसा नंबरसाठी रांग नाही. स्पॉन्सर ग्रीन कार्डवाला असेल तर एफ२ए ही रांगेतली कॅटेगरी, म्हणजे दर महिन्याला व्हिसा बुलेटिन (रांग कुठवर आली ते सांगणारा सरकारी तक्ता) बघत बसणं आलं, आणि मधेच तो सिटिझन झाला तर ते लगेच कळवा, आपोआप कुणाला कळत नाही. एनव्हीसीची नोटीस आल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता खरा त्रास, जन्माचा दाखला. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' आणि आईवडिलांची नावं, किंवा मुळात नोंदच नसते. शाळा सोडल्याचा दाखला एकटा चालत नाही. नाव नसेल तर जिथे जन्माची नोंद आहे तिथूनच ते घालून घ्या. नोंदच नसेल तर त्याच कार्यालयाकडून 'नोंद आढळली नाही' असं लेखी पत्र घ्या आणि मग त्यासोबत शाळेचा दाखला आणि तुमच्या जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांचं अ‍ॅफिडेव्हिट जोडा. हे पत्र काढायला आम्हाला एका कार्यालयात चार फेऱ्या झाल्या, दरवेळी साहेब जेवायला गेलेले. पिटिशन टाकलं त्याच दिवशी याच्या मागे लागा, इंटरव्यूची तारीख आल्यावर नाही.

दुसरं नावाचं. लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदललेलं, पासपोर्टवर तिसरंच काहीतरी. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही, पण समोरच्या ऑफिसरला त्या तीन वेगळ्या बायका दिसतात. फॉर्ममध्ये वापरलेली इतर नावं विचारतात तिथे सगळी लिहा, स्पेलिंगच्या फरकासकट. लग्नाची पत्रिका आणि अल्बममधले चारशे फोटो हे नोंदणी प्रमाणपत्राच्या जागी चालत नाहीत, ते निबंधकाकडचंच लागतं. पीसीसी, म्हणजे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट ऑफिसकडून मिळतं, ते सोपं आहे, पण वयाच्या १६ नंतर दुसऱ्या कुठल्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलंही लागतं, आणि गल्फमधली जुनी नोकरी लोक इथेच विसरतात.

पैशाची बाजू म्हणजे फॉर्म आय-८६४, जोडीदाराचा आर्थिक भार उचलायची स्पॉन्सरची लेखी हमी. स्पॉन्सरचं उत्पन्न सरकारी गरिबीरेषेच्या १२५ टक्के तरी हवं, आणि माणसं मोजताना जोडीदारालाही धरायचं, आधी कुणाला स्पॉन्सर केलं असेल तर बहुतेक वेळा त्यांनाही. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे सोबत हमी देणारा दुसरा माणूस चालतो. पण कुणा मित्राला सहज 'सही कर रे' म्हणू नका, कारण ती जबाबदारी घटस्फोटानेसुद्धा संपत नाही.

इंटरव्यूला एखादा कागद कमी निघाला तर २२१(जी) ची चिठ्ठी हातात देतात आणि त्यावर 'नाकारलं' असं लिहिलेलं असतं. लोक बाहेर येऊन रडतात. अहो, केस बंद झालेली नसते, मागितलेला कागद द्यायचा आणि पुढे चालू. त्यासाठी वर्षभर मुदत असते, फक्त चिठ्ठी नीट वाचा.

व्हिसा मिळाला की आणखी एक फी, २३५ डॉलर, ती भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत. कार्ड यायला वेळ लागला तरी घाबरू नका, एंट्रीचा शिक्का पडलेला व्हिसा वर्षभर ग्रीन कार्डसारखाच चालतो. व्हिसाची मुदत मात्र बघा, ती व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीवर अवलंबून असते आणि साधारण सहा महिन्यांच्या वर नसते, त्यामुळे 'दिवाळी करून जाऊ' म्हणणाऱ्यांनी आधी तारीख तपासा.

आणि सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा नियम. लग्नाला दोन वर्षं झालीत की नाही हे अर्ज टाकल्याच्या दिवशी बघत नाहीत, अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या दिवशी बघतात. दोन वर्षं व्हायला आठवडा बाकी असताना पोचलात तर कार्ड दोनच वर्षांचं, दोन वर्षं उलटल्यावर पोचलात तर दहा वर्षांचं. त्यामुळे व्हिसाच्या मुदतीत बसत असेल तर तिकीट आठ दिवस पुढे ढकला. दोन वर्षांचंच मिळालं तर कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डवरची दोन वर्षांची अट काढायचा अर्ज भरायचा, लवकर भरला तर परत येतो, उशीर झाला तर स्टेटसच जातं. आठवण करून देणारं पत्र येईल या भरवशावर राहू नका, आमच्या फ्रिजवर ती तारीख लाल पेनाने लिहून ठेवली आहे.