ओल्या चपलेची घाई करू नये

भिजलेली चामड्याची चप्पल शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरच्या झोतात वाळवली, तर तिचे जेवढे नुकसान होते तेवढे कित्येक महिन्यांच्या चालण्यानेही होत नाही. कोल्हापुरात जूनपासून चार महिने हवा दमट असते आणि सकाळी भिजलेली चप्पल संध्याकाळपर्यंत वाळत नाही, त्यामुळे ही घाई घरोघरी होते. ती का करू नये, हे कळण्यासाठी चामडे म्हणजे काय ते आधी पाहायला हवे.

जनावराच्या कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. या प्रथिनाच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि हा पीळ टिकून आहे तोवरच कातडे मजबूत राहते. कच्चे कातडे ओले असताना सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाला हा पीळ सुटतो, तंतू आखडतात आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाहीत. कमावण्याच्या प्रक्रियेत बाहेरचे रेणू या साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे, म्हणजे आजच्या बहुतेक बुटांचे वरचे चामडे, साधारण १०० अंशांपर्यंत तग धरते. कोल्हापुरी चपलेचे चामडे मात्र परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्यातील टॅनिन या तुरट द्रव्याने कमावले जाते. टॅनिनचे बंध तुलनेने सैल असल्यामुळे ते ७५ ते ८५ अंशांनाच आखडू लागते. शेगडीची धग हा टप्पा सहज गाठते. कडक उन्हात इतके तापमान होत नाही, पण तिथे वरचा थर आतल्या थराच्या आधी सुकून आकसतो, तळ वाकडा होतो आणि पुढे घडीच्या जागी भेगा पडतात.

कोल्हापुरीचा तळ जवळून पाहिला, तर पाणी नेमके कुठून शिरते ते दिसते. वरचा पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत असतो, पण कडेला चामडे कापलेले असल्यामुळे तंतूंची उघडी टोके बाहेर आलेली असतात. तिथे पाण्याचा थेंब ठेवला, तर तो पाहता पाहता जिरतो आणि आजूबाजूला गडद डाग पसरतो. एकावर एक ठेवलेले थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. पाण्याने ते फुगतात, ओली वादी ताणली जाते आणि सगळे वाळल्यावर शिलाई ढिली राहते. शिवाय चामड्यात न बांधले गेलेले टॅनिन पाण्याबरोबर बाहेर येते. नवी चप्पल भिजली की पायावर उमटणारा तपकिरी रंग बऱ्याचदा त्याचाच असतो.

अशा चपलेच्या दुरुस्तीत लोखंडी चुका ठोकू देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. ओलाव्यात लोखंड आणि टॅनिन यांचा संयोग होऊन निळसर काळा पदार्थ तयार होतो, जुन्या काळी लिहिण्याची शाई याच अभिक्रियेतून करत असत. हा डाग धुऊन जात नाही, आणि गंजणाऱ्या लोखंडाभोवतीचे तंतूही हळूहळू कुजतात. मूळ पद्धतीच्या कोल्हापुरीत खिळा नसतो, म्हणून दुरुस्तीही शिलाईचीच असावी. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांचा समावेश झाला. या मानांकनामागे जे हस्तकौशल्य आहे, ते शिलाई जपल्यानेच टिकते.

चप्पल भिजलीच, तर कोरड्या फडक्याने पाणी टिपावे, चिखल सुकण्याआधी पुसावा आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी ती आडवी न ठेवता कडेवर उभी करावी, म्हणजे तळालाही हवा लागते. बुटांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि ओले झाले की बदलावेत. पूर्ण वाळल्यानंतरच एरंडेल तेलाचा पातळ हात फिरवावा. हे तेल तंतूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देते, म्हणून चामडे मऊ राहते. तेल जास्त झाले, तर मात्र चामडे लिबलिबीत होते आणि धूळ धरते.

हवेतील आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की कपाटातल्या चामड्यावर बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडला जातो, म्हणून चामड्याची पादत्राणे सुती पिशवीत ठेवावीत. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी. स्वेडच्या, म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याच्या, बुटाला तेल किंवा पॉलिश लावू नये, मऊ ब्रश पुरेसा असतो. कृत्रिम चामड्याच्या शाळेच्या बुटात पॉलिशमधले मेण मुरत नाही. ते ओल्या फडक्याने पुसले तरी भागते. कॅनव्हासचे बूट धुतल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावेत, कारण उरलेल्या साबणाने कापड पिवळे पडते.

स्पोर्ट्स शूजची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या तळाचा फोम पुष्कळदा पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याच्या काही प्रकारांतले एस्टर नावाचे रासायनिक बंध हवेतल्या बाष्पानेही तुटत जातात. त्यामुळे जपून ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट काही वर्षांनी पायात घालताच त्याचा तळ भुसभुशीत होऊन गळू लागतो. असा बूट जपण्यापेक्षा वापरणेच शहाणपणाचे आहे. तळ एकदा भुसभुशीत झाला की गोंद धरत नाही, कारण चिकटायला घट्ट पृष्ठभागच उरलेला नसतो. वरचा भाग चांगला असेल, तर जुना फोम पूर्ण खरवडून चांभाराकडून रबराचा नवा तळ बसवून घ्यावा.