पाप, पश्चात्ताप आणि क्रूसमरण (ख्रिस्ती धर्मशिकवण)

ख्रिस्ती धर्मशिकवणीत पाप, पश्चात्ताप आणि येशू ख्रिस्ताचे क्रूसावरील मरण या तीन कल्पना परस्परांत इतक्या गुंतलेल्या आहेत, की त्यांपैकी एकीचा विचार दुसरीला सोडून करता येत नाही. माणूस देवापासून दुरावला आहे, तो दुरावा त्याला स्वबळावर मिटवता येत नाही, देवाने ख्रिस्ताच्या मरणात तो स्वतः मिटवला, आणि त्या कृतीला माणसाने जीवनाची दिशा बदलून दिलेला प्रतिसाद म्हणजे पश्चात्ताप, असा या शिकवणीचा गाभा आहे. मुंबईतील मराठीभाषक ख्रिस्ती समाजात कॅथलिक परंपरेतील ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील मूळच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांचा समाज), उत्तरेकडे वसईपर्यंत पसरलेले सामवेदी व वाडवळ ख्रिस्ती, तसेच प्रॉटेस्टंट मिशनांतून उभ्या राहिलेल्या मंडळ्या येतात. त्यांच्या उपासनापद्धती भिन्न असल्या, तरी हा गाभा सर्वांना मान्य आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ आहे. या नोंदीत सोयीसाठी ‘क्रूस’ हा एकच शब्द वापरला आहे.

पापाची कल्पना बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातील आदाम आणि हव्वा यांच्या कथेपासून सुरू होते. मना केलेले फळ खाणे हे तिथे निमित्त आहे. देवावरचा विश्वास ढळून माणसाने स्वतःलाच भल्याबुऱ्याचे माप ठरवणे हा खरा अपराध आहे. पहिल्या शतकातील धर्मप्रचारक संत पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात या कथेतून असा अर्थ काढला, की एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले व पापातून मरण आले. पाचव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) आणि ख्रिस्ती उपदेशक पेलेजियस यांच्यात यावर मोठा वाद झाला. माणूस इच्छाशक्तीच्या बळावर निष्पाप राहू शकतो, हे पेलेजियसचे मत ४१८ च्या कार्थेज धर्मसभेने अमान्य केले आणि ‘मूळ पापा’चा सिद्धान्त पश्चिमी चर्चमध्ये स्थिरावला. पूर्वेकडील चर्चमध्ये मात्र आदामाचा अपराध वारशाने येतो असे न मानता मर्त्यता आणि पापाकडे झुकणारा स्वभाव वारशाने येतो, असे मानण्याकडे कल आहे. मुंबईतील मलंकर ऑर्थोडॉक्स समाज या पूर्वेकडील परंपरेतला आहे.

मराठी वाचकाने येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. विटाळ किंवा सोवळे मोडणे या अर्थाची अशुद्धी म्हणजे ख्रिस्ती अर्थाने पाप नव्हे. तसेच पुण्याच्या जमेतून वजा करता येईल अशी खर्चाची बाजू म्हणजेही पाप नव्हे. कॅथलिक मिस्साच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस यांच्या मुख्य उपासनेच्या, आरंभी म्हटल्या जाणाऱ्या कबुलीच्या प्रार्थनेत विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबरच करायला हवे ते न करणे याचाही उल्लेख असतो. अशा रीतीने शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणेही पापाच्या कक्षेत येते. कॅथलिक शिकवण प्राणघातक आणि क्षम्य असे पापाचे दोन प्रकार मानते. प्राणघातक पाप ठरण्यासाठी विषय गंभीर असणे, त्याची पूर्ण जाणीव असणे आणि ते स्वखुशीने केलेले असणे या तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. प्रॉटेस्टंट परंपरेत हा भेद सहसा केला जात नाही. तिथे भर एकेका कृत्यापेक्षा माणसाच्या पतित अवस्थेवर असतो.

पश्चात्तापाची हाक संदेष्ट्यांच्या काळापासून ऐकू येते. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूच्या जीवनकथेच्या ग्रंथात) येशूच्या उपदेशाचा आरंभच ‘पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा’ या आवाहनाने होतो, आणि राखेच्या बुधवारी (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) कपाळाला राख लावताना धर्मगुरू बहुधा हेच शब्द उच्चारतात. नुसती हळहळ म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे दाखवण्यासाठी प्रवचनकार येशूचे शिष्य यहूदा आणि पेत्र यांची तुलना करतात. दोघांनीही गुरूशी दगा केला व दोघांनाही त्याचे दुःख झाले. यहूदा त्या दुःखात एकटाच बुडाला, तर पेत्र रडून पुन्हा येशूकडे वळला. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त याहूनही पुढे जातो. बापाची संपत्ती उधळून परतलेला मुलगा मनात जुळवलेली कबुली पुरी करण्याआधीच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. घरी राहिलेल्या थोरल्या मुलाचा राग ही त्या दृष्टान्ताची दुसरी, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक बोचरी, बाजू आहे. धार्मिक म्हणवणाऱ्या श्रोत्याला ती सहज टाळता येत नाही.

आरंभीच्या चर्चमध्ये गंभीर पापांसाठी जाहीर आणि दीर्घ प्रायश्चित्त असे. पुढे आयरिश मठांच्या प्रभावाने धर्मगुरूजवळ खाजगीत पापनिवेदन करण्याची रीत पसरली आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा ते करणे बंधनकारक केले. पापाचा दंड माफ झाल्याच्या दंडमुक्तिपत्रांच्या पैशाच्या व्यवहाराविरुद्ध मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ विधानांपैकी पहिलेच असे आहे, की श्रद्धावंताचे सारे जीवन पश्चात्तापमय असावे ही ख्रिस्ताची इच्छा आहे. याला उत्तर देताना कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १५५१ मध्ये प्रायश्चित्त हा ख्रिस्तस्थापित साक्रामेंत (पवित्र संस्कार) असल्याचे पुन्हा सांगितले आणि मनःपूर्वक दुःख, कबुली व भरपाई ही पश्चात्ताप करणाऱ्याची तीन कृत्ये ठरवली. धर्मगुरू पापमुक्ती देतो आणि ऐकलेले कोणत्याही परिस्थितीत उघड करू शकत नाही. मुंबईच्या चर्चमध्ये पवित्र सप्ताहाच्या (ईस्टरआधीच्या आठवड्याच्या) आधी पापनिवेदनासाठी रांगा लागतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत खाजगी कबुलीचे बंधन नसते. प्रभुभोजनाआधी सारी मंडळी एकत्र कबुलीची प्रार्थना म्हणते.

क्रूसावर खिळणे ही रोमन साम्राज्यात प्रामुख्याने गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखलेली, मुद्दाम सर्वांदेखत दिली जाणारी देहान्ताची शिक्षा होती. यहूदियाचा सुभेदार पंतय पिलात याच्या हुकमाने, इ.स. ३० च्या सुमारास, येशूला जेरुसलेमबाहेर ती देण्यात आली. अशा लाजिरवाण्या मरणात तारण कसे, याचा उलगडा पहिल्या शिष्यांनी यहुदी धर्मग्रंथांच्या आधारे केला. यशयाच्या ५३ व्या अध्यायातील इतरांचे अपराध वाहणारा दुःखी सेवक आणि लेवीय पुस्तकातील प्रायश्चित्ताचा दिवस हे त्यातील मुख्य आधार होत. हाच दिवस मुंबई व कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल यहुदी समाज ‘दारफळणीचा सण’ म्हणून पाळत आला आहे. येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुदी लोकांवर ठेवण्याची जुनी आणि अनर्थकारी वृत्ती दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ मध्ये स्पष्टपणे नाकारली.

हे मरण नेमके कसे तारते, याचे एकच अधिकृत स्पष्टीकरण सर्व चर्चनी कधीच स्वीकारलेले नाही. आद्य धर्मपित्यांनी त्याकडे पाप, मृत्यू व सैतान यांच्यावरील विजय म्हणून पाहिले. कँटरबरीचा अँसेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस असे प्रतिपादिले, की देवाच्या सन्मानाचा भंग माणसाने केला, त्यामुळे त्याची भरपाई माणसाकडूनच यायला हवी. पण ती करण्याचे सामर्थ्य केवळ देवाचे आहे, म्हणून देव मनुष्य झाला. फ्रेंच पंडित आबेलारने क्रूसावर प्रकट झालेले प्रेम माणसाचे हृदय पालटते यावर भर दिला. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनने पापाची शिक्षा ख्रिस्ताने आपल्या जागी सोसली असे मांडले. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या मिशनरी प्रचारात या शेवटच्या मांडणीचा वरचष्मा होता.

कर्मसिद्धान्ताच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला येथे स्वाभाविक प्रश्न पडतो: ज्याचे कर्म त्याने भोगायचे, तर एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटेल? १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आणि १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आल्यानंतर हिंदू व ख्रिस्ती पंडितांत जाहीर वाद झडू लागले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी विल्सनशी वाद घातला, तर १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी चर्चा केल्या. ख्रिस्ती बाजूचे नेहमीचे उत्तर असे, की ख्रिस्त हा कोणी तिऱ्हाईत नव्हे. ज्याचा अपराध झाला तो देवच त्याच्या रूपाने अपराधाचा भार उचलतो. रागावलेल्या बापाने निरपराध मुलाला शिक्षा केली, अशा ढोबळ भाषेत हीच गोष्ट सांगितली गेली की उत्तराचे बळ हरपते. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी संतपरंपरेच्या अभंगवाणीतून ख्रिस्तभक्ती गायली, तेव्हा या शिकवणीला कायद्याच्या भाषेबाहेरची वाट मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यातून प्रसिद्ध केलेल्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात तिचा पूर्वसंकेत दिसतो. १९८० च्या दशकात ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी दलित धर्मविचार मांडताना क्रूसावरच्या येशूत तुडवलेल्या माणसाचा सहभोगी पाहिला.

मुंबईच्या गावठाणांत, विशेषतः वांद्रे, माझगाव आणि गिरगावची खोताची वाडी येथे, रस्त्याकडेला क्रूस उभे आहेत. शहरातील अशा क्रूसांपैकी अनेक १८९६ च्या प्लेगच्या साथीत संरक्षणासाठी उभारले गेले. मृत्यूवरील विजयाची आद्य कल्पना या लोकाचारात अँसेल्मच्या युक्तिवादापेक्षा अधिक जिवंत राहिली आहे, असे म्हणता येते.

उपवासकाळातील शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये चौदा स्थानांची क्रूसाची वाट (येशूच्या अखेरच्या प्रवासातील टप्प्यांवर थांबून केलेली प्रार्थना) केली जाते. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मिस्सा होत नाही. दुःखसहनाचे वाचन, क्रूसाची आराधना आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकर घेणे, असा विधी दुपारनंतर होतो. १८ ते ५९ वर्षे वयाच्या कॅथलिकांनी त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचे असा नियम आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन या वेळात क्रूसावरील सात उद्गारांवर मनन होते. ‘पूर्ण झाले आहे’ हा त्यांतील सहावा उद्गार. मात्र ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात, असे पौल करिंथकरांस बजावतो. त्यामुळे पुनरुत्थानाशिवाय ही शिकवण अपुरी ठरते. कॅथलिक चर्चमध्ये पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीत, पुनरुत्थानाच्या घोषणेनंतर, सारे भाविक हाती पेटत्या मेणबत्त्या घेऊन पापाचा व सैतानाचा त्याग जाहीर करतात आणि बाप्तिस्म्याच्या वेळची वचने नव्याने घेतात.