शिल्लक आटतेय: जंगलं, माती आणि समुद्र आपला कार्बन पुरता का घेत नाहीयेत

कोळसा, तेल, गॅस जाळून आणि जंगलं तोडून माणूस दरवर्षी साधारण ११ अब्ज टन कार्बन हवेत सोडतो, पण त्यातला जेमतेम निम्माच हवेत राहतो. बाकीचा निम्मा झाडं, माती आणि समुद्र मिळून गिळतात, आणि हे गेली साठेक वर्षं इतकं बिनबोभाट चाललंय की आपण ते गृहीतच धरलंय. हे शोषणारे नसते तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत्तापर्यंत कितीतरी जास्त झाला असता आणि तापमानही.

याला कार्बन सिंक म्हणतात. सिंक म्हटलं की डोळ्यासमोर मोरी येते आणि मग सिंक कमकुवत होतायत अशी बातमी वाचली की वाटतं, मोरी तुंबायला लागली. मला हे चित्र मुळातच पटत नाही, कारण मोरीत गेलेलं पाणी परत वर येत नाही (आलं तर तो वेगळाच ताप). जंगलाचं तसं नाहीये, ते एका हाताने घेतं आणि दुसऱ्या हाताने देतं, दिवसरात्र. जगभरच्या जमिनीवरची झाडंझुडपं, गवत, पिकं मिळून वर्षाला १२० अब्ज टनांच्या वर कार्बन प्रकाशसंश्लेषणाने आत घेतात, आणि झाडांचं स्वतःचं श्वसन, पालापाचोळा कुजवणारे जिवाणू, बुरशी, आगी असं सगळं मिळून जवळजवळ तेवढाच परत हवेत जातो. वर्षाअखेर मागे उरतात साधारण ३ अब्ज टन. ज्याला आपण "जमिनीचा सिंक" म्हणतो तो म्हणजे ही एवढीशी शिल्लक. आता १२० जमा आणि ११७ खर्च असलेल्या खात्यात खर्च नुसता अडीच टक्क्यांनी वाढला तरी शिल्लक जवळपास शून्यावर येते, जमा एका पैशाने कमी न होता! पुढचं सगळं वाचताना हे खातं डोक्यात असू द्या.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर घोळ होतो. काही आकडे नुसत्या कार्बनचे असतात, काही कार्बन डायऑक्साइडचे, आणि १ टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. बातम्यांत हे दोन्ही बिनदिक्कत मिसळलेलं असतं. मी जिथे नुसतं कार्बन म्हणेन तिथे कार्बनच.)

हे खातं प्रत्यक्ष बघायचं असेल तर हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीवर चार्ल्स डेव्हिड कीलिंगने १९५८ मध्ये सुरू केलेल्या मोजमापाचा ग्राफ बघा. तेव्हा आकडा ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१५) आसपास होता, मे २०२५ मध्ये महिन्याची सरासरी पहिल्यांदा ४३० च्या वर गेली. पण मला त्या ग्राफची चढण जेवढी बघावीशी वाटते त्याहून त्याचे दाते जास्त. रेषा करवतीसारखी आहे, उत्तर गोलार्धात उन्हाळा आला, पानं फुटली की आकडा पाच-सहा पीपीएमने खाली येतो आणि पानं गळून कुजायला लागली की परत वर, दरवर्षी न चुकता. उत्तर गोलार्धात जमीन जास्त म्हणून त्याचाच ठसा उमटतो. अख्खी पृथ्वी श्वास घेतेय आणि सोडतेय ते कागदावर दिसतं.

मग इतकी वर्षं ही शिल्लक टिकली कशी? टिकली काय, वाढली. आपण जास्त सोडत गेलो तसे सिंकही टनांच्या हिशेबात जास्त घेत गेले, म्हणूनच तो निम्म्याचा हिशोब टिकून आहे. याचं मोठं कारण म्हणजे कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्न, ते हवेत जास्त असलं की पानं जास्त साखर बनवतात. यावरून "मग चांगलंच आहे की, झाडं खूश" असं म्हणणारे बरेच भेटतात आणि त्यांचं अगदीच चुकीचं आहे असं नाही, फक्त अर्धवट आहे. नुसत्या साखरेवर खोड जाड होत नाही, नायट्रोजन लागतो, फॉस्फरस लागतो. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ निलगिरीच्या एका जुन्या जंगलात झाडांभोवती उंच पाइपांची कडी उभारून त्यातून वर्षानुवर्षं जादा कार्बन डायऑक्साइड सोडला गेला. तिथली माती फॉस्फरसच्या बाबतीत दरिद्री. २०२० मध्ये निकाल छापून आला तेव्हा कळलं की झाडांनी १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला खरा, पण लाकूड काही वाढलं नाही, घेतलेला जादा कार्बन झाडांतून आणि मातीतून परत हवेत गेला, त्यातलाही बराचसा मातीतल्या जिवाणूंनी उडवला. जमा वाढली, खर्चही तेवढाच वाढला, शिल्लक तीच.

आणि उष्णतेचा मार या खात्याला दोन्ही बाजूंनी बसतो. जमेच्या बाजूला असं होतं की हवा तापली की ती पानातून जास्त पाणी ओढते. पानाच्या खालच्या बाजूला बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं, त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यातूनच पाणी बाहेर जातं, दोन्हीला दार एकच. हवा फार कोरडी झाली की झाड दार लावून घेतं, पाणी वाचतं पण उपाशी बसतं. जमिनीत थोडीफार ओल असली तरी हे होतं, म्हणजे पाऊस ठीक पडला म्हणून झाड सुखात आहे असं समजायचं कारण नाही.

खर्चाची बाजू मातीत आहे, आणि मातीकडे कुणी बघत नाही कारण तिचा फोटो चांगला येत नाही. पण जगातल्या मातीत हवेपेक्षा आणि झाडांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन पडून आहे आणि तो खाणारे जिवाणू ऊब मिळाली की जोरात कामाला लागतात. यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमधला आहे. १९९१ मध्ये जेरी मेलिलो आणि त्यांच्या टीमने जंगलात सहा बाय सहा मीटरचे १८ तुकडे आखले, त्यातल्या ६ तुकड्यांत दहा सेंटिमीटर खोल विजेच्या केबल पुरल्या आणि माती आजूबाजूपेक्षा ५ अंश जास्त गरम ठेवली. गंमत म्हणजे आणखी ६ तुकड्यांतही तशाच केबल पुरल्या पण त्यात वीज सोडलीच नाही, कारण केबल पुरताना माती उकरली जाते आणि फरक उष्णतेचा आहे की उकरण्याचा हे कळायला हवं ना! उरलेल्या सहांना हात लावला नाही.

पहिली काही वर्षं गरम मातीतून कार्बन डायऑक्साइड भसाभसा बाहेर आला, मग दहाएक वर्षांनी थांबला. इथेच प्रयोग बंद केला असता तर निष्कर्ष निघाला असता की सोपं अन्न संपलं, जिवाणू शांत झाले, विषय संपला. पण त्यांनी हीटर चालूच ठेवले, आणि काही वर्षांनी गळती पुन्हा सुरू झाली. मधल्या शांत काळात मातीतली जिवाणूंची जमातच बदलत होती, आणि नंतर चिवट, सहज न कुजणारा माल संपवायला सुरुवात झाली. मग परत एकदा थंडावली. २०१७ मध्ये २६ वर्षांचा हिशोब छापला तेव्हा वरच्या ६० सेंटिमीटर मातीतला १७ टक्के कार्बन गेलेला होता. दोन-चार वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये हे कधीच दिसलं नसतं, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या कंटाळवाण्या मोजमापांना पैसे मिळायला हवेत असं माझं ठाम मत आहे. असो.

प्रयोगांबाहेर हेच सगळं २०१५-१६ च्या एल निनोत (प्रशांत महासागराचं पाणी तापून जगभरचं ऊन-पाऊस बिघडतं त्या काळात) मोठ्या पडद्यावर दिसलं. नासाचा ओसीओ-२ सॅटेलाइट तेव्हा नुकताच वर गेलेला होता आणि तो हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होता. उष्ण कटिबंधातल्या जमिनीने त्या वेळी २०११ च्या तुलनेत अडीच अब्ज टन कार्बन जास्त सोडला, पण तीन खंडांत कारणं तीन. दक्षिण अमेरिकेत दुष्काळामुळे झाडांनी घेणं कमी केलं, आफ्रिकेत पाऊस नेहमीसारखा होता पण उष्णतेने कुजणं वाढलं, आणि इंडोनेशियाकडे सरळ आगीच लागल्या. तिघांच्या खात्यातली शिल्लक घटली, पण एकाची जमा कमी होऊन, दुसऱ्याचा खर्च वाढून आणि तिसऱ्याच्या घरालाच आग लागून.

एल निनो येतो आणि जातो, त्याचं एवढं नाही. खरी काळजी हळूहळू सरकणाऱ्या गोष्टींची. आफ्रिका आणि ॲमेझॉनमधल्या न तोडलेल्या जंगलात संशोधकांनी तीसेक वर्षं तीच ती झाडं परत परत मोजली, तीन लाखांच्या आसपास झाडं, प्रत्येक झाडाला नंबर, खोडाला टेप, कुठलं जाड झालं, कुठलं मेलं. २०२० मध्ये आलेला निष्कर्ष असा की उष्ण कटिबंधातली अस्पर्श जंगलं १९९० च्या अख्ख्या दशकात मिळून ४६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषत होती ती २०१० च्या दशकात २५ अब्ज टनांवर आली. लक्षात घ्या, ही तोडलेली जंगलं नाहीत, उभी आहेत, हिरवी आहेत, फोटोत काहीच फरक दिसणार नाही. झाडं भराभर वाढतात आणि लवकर मरतात, आणि मेलेलं झाड म्हणजे पुढच्या काही वर्षांचा ठरलेला खर्च. त्यानंतर वर्षभराने ब्राझीलच्या लुसियाना गाटी यांच्या टीमने छोट्या विमानांतून ॲमेझॉनवर चार ठिकाणी वरपासून खालपर्यंत घिरट्या घालत हवेच्या बाटल्या भरल्या, २०१० ते २०१८ जवळपास ६०० वेळा, आणि दाखवून दिलं की ॲमेझॉनचा आग्नेय भाग आता घेण्यापेक्षा जास्त देतो. तिथे तोडही भरपूर झालीय, त्यामुळे सगळा दोष हवामानावर टाकता येणार नाही.

उत्तरेकडे भुंगे आणि आगी. कॅनडाच्या पश्चिमेला पाइन पोखरणारा भुंगा पूर्वी कडाक्याच्या थंडीत मरायचा, हिवाळे सौम्य झाले तसा तो जगायला लागला आणि त्याने कोट्यवधी झाडं वाळवली. २०२३ मध्ये कॅनडात ज्या आगी लागल्या त्यातून साधारण ६४ कोटी टन कार्बन एका मोसमात हवेत गेला. पर्माफ्रॉस्टचं, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीचं, तर मी इथे नुसतं नाव घेतो, तिच्यात हवेच्या जवळपास दुप्पट कार्बन आहे.

उलटा पुरावाही आहे बरं का. १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला, त्याच्या धुरकटाने पृथ्वी अर्ध्या अंशाच्या आसपास थंड झाली, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची वाढ एकदम मंदावली. कुजणं कमी झालं, शिवाय विखुरलेला प्रकाश सावलीतल्या पानांपर्यंत पोचला. म्हणजे थंडावा मिळाला की शिल्लक वाढते, हे निसर्गानेच करून दाखवलं.

समुद्राचं गणित वेगळं आहे पण स्वभाव तोच, तिकडेही वर्षाला ८० अब्ज टनांच्या आसपास कार्बन जातो आणि येतो, शिल्लक पुन्हा ३ च्या जवळपास. गरम सोड्यातून गॅस लवकर उडतो तसं गरम पाणी वायू कमी धरतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून मोठी अडचण केमिस्ट्रीची आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात नुसता विरघळून राहत नाही, पाण्यातल्या कार्बोनेटशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं आणि म्हणून नव्याला जागा होते, पण दर खेपेला कार्बोनेट खर्ची पडतं. रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस यांनी १९५७ मध्येच हे दाखवलं होतं, हवेत कार्बन डायऑक्साइड १० टक्के वाढला तर समुद्राच्या वरच्या थरातला कार्बन वाढतो जेमतेम १ टक्का, आणि कार्बोनेट घटेल तसं हे प्रमाण आणखी बिघडतं. त्यात वरचं पाणी तापलं की ते हलकं होऊन वरच तरंगतं, खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही, म्हणजे घेतलेला माल गोदामात न जाता काउंटरवरच साठतो.

पण समुद्राने संशोधकांना एकदा चांगलंच चकवलंय तेही सांगायला हवं. २००७ मध्ये कोरिन ले केरे यांच्या टीमने अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराचं शोषण १९८१ पासून कमकुवत होतंय असं दाखवलं, कारण वाऱ्यांनी खालचं जुनं, कार्बनवालं पाणी वर ओढलं. आठ वर्षांनी दुसऱ्या टीमने दाखवलं की २००२ च्या सुमारास तोच महासागर पुन्हा जोमाने घ्यायला लागला होता. म्हणून २०२३ मध्ये जमिनीने फारच कमी कार्बन घेतल्याचे आकडे आल्यावर "जमिनीचा सिंक कोसळला" अशा ज्या हेडलाइन्स आल्या त्या मी जरा दमाने घेतल्या. एल निनोचं वर्ष होतं, आगींचं होतं, ॲमेझॉनच्या दुष्काळाचं होतं. मात्र पुढच्या वर्षीचा आकडा दमाने घेण्यासारखा नाही, जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२३ ते २०२४ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड ३.५ पीपीएमने वाढला, मोजायला लागल्यापासूनची सगळ्यात मोठी वाढ. आपलं उत्सर्जन त्या वर्षी काही एवढ्या उड्या मारत नव्हतं.

एका वाईट वर्षाचा आणि लांबच्या कलाचा फरक करायचा तर ग्लोबल कार्बन प्रोजेक्टचा, म्हणजे दरवर्षी जगाच्या कार्बनचा ताळेबंद मांडणाऱ्या संशोधकांच्या गटाचा, २०२५ चा हिशोब बघावा. त्यांच्या मते १९६० पासून हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड वाढला त्यातला ८ टक्के हा तापमानवाढीने सिंक कमकुवत केल्यामुळे आहे. म्हणजे सिंक घेतायत, टनांत पूर्वीपेक्षा जास्तच घेतायत, पण घ्यायला हवं होतं त्याहून कमी.

हे ८ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण देशांच्या वह्यांमध्ये त्याची धग लागायला लागलीय. कितीतरी देश आपल्या नेट झिरोच्या (जेवढं सोडायचं तेवढंच शोषून हिशोब शून्यावर आणायचा) हिशोबात जंगलाची शिल्लक आधीच धरून बसलेत. जर्मनीने धरली होती. मग २०१८ पासून लागोपाठ कोरडी वर्षं आली, वादळं आली, तहानलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या सालीखाली भुंगे शिरले आणि डोंगरच्या डोंगर करडे पडले. २०२४ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय वनगणनेचा निकाल आला, हजारो ठिकाणी माणसं पाठवून झाडं मोजून काढलेला, आणि त्यात २०१७ पासूनच्या पाच वर्षांत जर्मनीच्या जंगलाने घेतल्यापेक्षा जास्त कार्बन सोडलेला निघाला. वहीत जमेच्या रकान्यात लिहिलेलं जंगल खर्चाच्या रकान्यात गेलं.