चुकीच्या छपाईची नोट पारखताना

जगभरच्या नोटसंग्राहकांना ठाऊक असलेली एक अमेरिकी नोट आहे. 1996 च्या मालिकेतली, 20 डॉलरची. तिच्या दर्शनी बाजूला माजी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या चित्राशेजारी डेल माँटे कंपनीचं, केळ्यांवर असतं तसलं रंगीत स्टिकर चिकटलेलं आहे. स्टिकर काय, कोणीही कुठल्याही नोटेवर चिकटवू शकतो. पण या नोटेचा शिक्का आणि सिरीयल नंबरचा काही भाग स्टिकरच्या वर छापला गेला आहे. अमेरिकेत तेव्हा आधी मागची बाजू, मग पुढची आणि सगळ्यात शेवटी शिक्के व नंबर असा छपाईचा क्रम होता. म्हणजे पुढची बाजू छापून झाल्यावर आणि नंबर पडण्यापूर्वी कधीतरी हे स्टिकर कागदावर आलं. चूक कारखान्यातच झाली याचा पुरावा नोटेवरच आहे. 2021 मध्ये ही नोट लिलावात 3,96,000 डॉलरला गेली.

चुकीच्या छपाईची कुठलीही नोट पारखायची तर माझ्या मते हाच एक प्रश्न आधी विचारावा: छपाईच्या कोणत्या टप्प्यावर हे घडू शकतं? उत्तर सापडत नसेल, तर ती नोट छापखान्याबाहेर ‘बिघडवलेली’ असण्याची शक्यता फार मोठी.

त्यासाठी छपाई थोडी समजून घ्यावी लागते. बहुतेक देशांत आधी पार्श्वभूमीचे फिकट रंग ऑफसेट पद्धतीने, म्हणजे प्लेटवरची शाई रबराच्या आवरणावरून कागदावर उतरवून, छापले जातात. मग इंटाग्लिओ छपाई होते. तीत धातूच्या प्लेटवर रेषा खोल कोरलेल्या असतात, शाई त्या खाचांत भरतात, वरची पुसून काढतात आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या खाचांत दाबतात. कोऱ्या नोटेवरून बोट फिरवलं की हाताला लागणारा खरखरीत उठाव या दाबामुळे येतो. त्यानंतर नंबर पडतात आणि शेवटी मोठ्या तावातून एकेक नोट कापली जाते. प्रत्येक टप्प्याच्या चुका वेगळ्या असतात आणि प्रत्येकीची खूणही वेगळी.

समजा, एका नोटेवर सिरीयल नंबरच नाही. रसायनाने शाई उडवून असा ‘दुर्मीळ नमुना’ तयार करणं अवघड नाही. पण नंबर टाकणारे आकडे कागदावर दाबले जातात, त्यामुळे शाई गेली तरी दाब राहतो. अंधाऱ्या खोलीत नोट सपाट ठेवून एका बाजूने, अगदी तिरपा प्रकाश पाडा आणि भिंगातून बघा. खोडलेल्या आकड्यांचे खळगे अनेकदा सावलीत उमटतात. कागदाचे तंतूही तिथे विस्कटलेले दिसतात. नोटांचा कागद मुख्यतः कापसाच्या तंतूंचा असतो आणि त्यात ऑफिसच्या कागदासारखे चकाकी आणणारे पदार्थ नसतात, त्यामुळे अतिनील प्रकाशात तो मंद, काळपट दिसतो. एखादाच भाग निळसर उजळला, तर तिथे काहीतरी लावलंय किंवा धुतलंय असा संशय घ्यावा.

घडीच्या चुका मला सगळ्यात विलक्षण वाटतात. तावाचा कोपरा छपाईआधी दुमडला, की त्या कोपऱ्यावर पडायची शाई कागदाच्या उलट्या बाजूवर पडते. कापणीच्या वेळीही तो दुमडलेलाच राहिला, तर उलगडल्यावर नोटेला बाहेर आलेला जादा कागदाचा त्रिकोण मिळतो. असा कोपरा पुन्हा मूळ घडीवर अलगद दुमडून बघावा. चित्राच्या रेषा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे अखंड जुळल्या पाहिजेत, एखाद्या मिलिमीटरचाही फरक पडता कामा नये. हातमोजे घालून, सावकाश, आणि एकदाच. पुन्हा पुन्हा दुमडलं तर कागद तिथेच फाटतो.

कागदाला बारीक चुणी पडून तशीच छपाई झाली, तर ती ओढल्यावर मध्ये कोरी पांढरी पट्टी दिसते. वापराने पडलेल्या घडीवरही पांढरी रेघ असतेच, फरक भिंगाखाली कळतो. छपाईतल्या चुणीत शाईची कडा सुरीने कापल्यासारखी स्वच्छ थांबते आणि आतला कागद गुळगुळीत असतो. वापराच्या घडीवर शाई झिजत झिजत गेलेली असते आणि तंतू वर आलेले असतात. पहिलीमुळे किंमत वाढते, दुसरीमुळे उतरते.

इथे अवस्थेचा मुद्दा येतो आणि तो चुकीपासून वेगळाच तोलायला हवा. मूल्यांकन करणाऱ्या अनेक संस्था 70 गुणांची पट्टी वापरतात. ती मुळात विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकी सेंट नाण्यांसाठी मांडली होती. 60 च्या वर कोऱ्या, न वापरलेल्या नोटा येतात. मधोमध घडी पडली की नोट त्या वर्गातून खाली सरकते. मग घड्यांची संख्या, कोपऱ्यांची गोलाई, डाग, टाचणीची भोकं आणि चिरा बघितल्या जातात. छापखान्यातच पडलेली घडी मात्र झीज मानत नाहीत, ती चुकीचा भाग समजतात.

नोट ‘सुधारण्याचा’ मोह अनेकांना होतो आणि त्यात फार चांगल्या नोटा वाया जातात. इस्त्री केली किंवा जड पुस्तकाखाली ओली दाबली की घडी पुसट होते खरी, पण इंटाग्लिओचा उठावही सपाट होतो. धुतलेल्या नोटेचा करकरीतपणा जातो, रंग उतरतात. जाणकाराच्या बोटांना हे क्षणात कळतं. डाग तसाच असलेली नोट धुतलेल्या नोटेपेक्षा केव्हाही बरी.

चूक विचित्र आहे म्हणून नोट मौल्यवान ठरत नाही. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये काढलेल्या 50 डॉलरच्या नोटेवर तिथल्या पहिल्या महिला लोकप्रतिनिधी एडिथ कोवन यांच्या भाषणातला मजकूर सूक्ष्म अक्षरांत छापला आहे आणि त्यात ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ या शब्दातलं एक अक्षर गळालं आहे. 2019 मध्ये ही बातमी जगभर गाजली. पण तशा सुमारे 4 कोटी 60 लाख नोटा तेव्हा चलनात होत्या. एका नोटेवर घडलेला अपघात आणि मूळ आराखड्यातलीच चूक यांत संग्राहकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. चित्र केसभर सरकलेल्या नोटाही पुष्कळ मिळतात. लांबून दिसणारी, चटकन समजणारी चूक हवी असते.

यंत्रात एखादा ताव चुकला, की त्याची शाई खालच्या सिलिंडरवर बसते आणि पुढच्या तावांच्या पाठीवर आरशातल्यासारखी उलटी उमटते. पहिल्या तावावर ती गडद असते, नंतर फिकट होत जाते. ठसा जितका गडद आणि पूर्ण, तितकी मागणी जास्त. ठसा आरशासारखा उलटा नसेल, तर त्या नोटेला वरच्या खुलाशाचा आधार मिळत नाही.

अशी नोट हाती आली तर ती सपाट ठेवा, पीव्हीसी प्लास्टिक नसलेल्या पॉलिस्टरच्या पाकिटात. पीव्हीसी मऊ करायला वापरलेले पदार्थ कालांतराने झिरपतात आणि नोट चिकट होते. चिकटपट्टी, रबरबँड, स्टेपलर यांपैकी काहीही तिच्याजवळ नेऊ नका. आणि एकाच गठ्ठ्यातून मिळाली असेल तर तिच्या आगेमागे नंबर असलेल्या नोटाही खर्च करू नका. छपाईत नेमकं काय घडलं, हे कधीकधी त्या शेजारच्या नोटांवरूनच उलगडतं.