मिशीवाल्या ब्रिगेडियरची पेज

१९५४ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमात दोन नामवंत पुरातत्त्वज्ञांनी कॅमेऱ्यासमोर वाडग्यातून पेज खाल्ली. जव, जवस आणि शेतात माजणाऱ्या तणांचं बी, सगळं एकत्र शिजवलेलं. ही पाककृती मिळाली होती एका मेलेल्या माणसाच्या पोटात. १९५० साली डेन्मार्कमध्ये जळणासाठी दलदलीतली माती कापणाऱ्यांना एक प्रेत सापडलं. हनुवटीवरचे दाढीचे खुंटसुद्धा इतके शाबूत की आधी पोलिसांना बोलावणं गेलं. माणूस निघाला सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा, गळ्यात चामड्याच्या दोरीचा फास. शेवटचं जेवण आतड्यात तसंच होतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यातलं बी अन् बी ओळखलं आणि टीव्हीवाल्यांनी तीच पेज रांधून घेतली.

दोघांपैकी एकाने ती चाखली आणि शेरा मारला, की या गड्याने बायकोच्या हातचं हे रोज खाण्यापेक्षा मरण पत्करलं असावं. विनोद आज शिळा वाटतो, आणि तोंडी लावायला खारातलं तोर, म्हणजे मिठातली कैरी, नसेल तर पेजेने तरी काय करावं! २०२१ साली डॅनिश संशोधकांनी तेच अन्न नव्याने तपासलं. ८५ टक्के जव, ९ टक्के एका तणाचं बी, ५ टक्के जवस. शिवाय मासळीची प्रथिनं, म्हणजे नुस्त्याची सोय होती. पेज मडक्याला जराशी करपली होती हेही कळलं आणि पोटात जंत होते हेही.

शेरा मारणारे गृहस्थ म्हणजे सर मॉर्टिमर व्हीलर. प्राचीन जगाला टीव्हीवर आणणाऱ्यांची आज रांग लागली आहे, पण त्या रांगेत अगदी पुढे उभा असलेला हा माणूस. जन्म १८९० चा, ग्लासगोचा. दोन्ही महायुद्धांत तोफखान्यात, दुसऱ्यात ब्रिगेडियरपर्यंत चढलेले. १९४४ ते १९४८ ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. जुने गोव्यात बॉम जेझूच्या बाहेर ज्या खात्याची पाटी आपण पाहतो, तेच हे खातं. व्हीलरांच्या काळात मात्र त्याची हद्द आपल्या गोव्याच्या सीमेशी संपत होती; आत पोर्तुगीजांचं राज्य. चांदरला १९२९ साली झालेलं उत्खननही फादर हेन्री हेरास यांचं, मुंबईहून आलेल्या एका जेझुइट इतिहासकाराचं.

टीव्हीवरचा व्हीलरांचा अवतार सुरू झाला वयाच्या बासष्टाव्या वर्षी. ‘ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’ हा कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. एखादं संग्रहालय आपल्याकडच्या वस्तू चिठ्ठी न लावता पाठवायचं आणि तीन तज्ज्ञांनी ती काय, कुठली, कधीची ते ओळखायचं. सूत्रधार ग्लिन डॅनियल, पेजेच्या पंगतीतले दुसरे. व्हीलर वस्तू उलटीसुलटी करायचे, मिशीला पीळ द्यायचे, मोठ्याने विचार करायचे. १९५४ साली त्यांना वर्षातली सर्वोत्तम टीव्ही व्यक्ती ठरवण्यात आलं. एका पुरातत्त्वज्ञाला, बरं का.

यात नाटक होतं, पण नुसतं नाटक नव्हतं. खापराची कड तुटलेली असली की माती दिसते. तीत वाळू मिसळली की भुसा, हे दिसतं. आत काळा पट्टा आणि बाहेर तांबडं असेल तर भट्टीत आच आतपर्यंत पुरली नाही किंवा हवा कमी पडली. तळाला गोलसर ओरखडे असतील तर फिरत्या चाकावरून दोऱ्याने कापून उतरवलेलं भांडं. डोळे तयार असले की हे सगळं मिनिटभरात वाचता येतं. स्टुडिओत फक्त एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे वस्तू जमिनीत कुठल्या थरात पडली होती. आणि व्हीलरांचं खरं काम नेमकं तिथलं.

ते भारतात आले तेव्हा मोहेंजोदडोसारख्या ठिकाणी वस्तू किती फूट खोल सापडली हे लिहून ठेवायची पद्धत होती. एकाच खोलीवरच्या वस्तू एकाच काळातल्या, असा हिशेब. ऐकायला ठीक वाटतं. पण परसात कुणी माड लावायला कमरेइतका खड्डा खणला, रोप जगलं नाही आणि खड्डा कचऱ्याने बुजवला, असं समजा. तळाशी गेलेलं प्लास्टिकचं बूच आणि वीतभर बाजूला न हललेल्या मातीतलं शंभर वर्षांपूर्वीचं कौल, दोन्ही एकाच खोलीवर. फूटपट्टी दोघांना समवयस्क ठरवील. मातीचा रंग आणि पोत बघणाऱ्याला मात्र खड्ड्याची कड उभ्या रेषेसारखी दिसेल.

म्हणून व्हीलर जमिनीवर चौकोन आखत, एकेक चौकोन खणत आणि मधले बांध तसेच उभे ठेवत. प्रत्येक चौकोनाला चार भिंती मिळत, भिंतींवर थर उघडे पडत. ते चाकूच्या टोकाने कोरून घ्यायचे, क्रमांकाच्या चिठ्ठ्या टोचायच्या, कागदावर मापाने उतरवायचे, आणि खापराच्या प्रत्येक पिशवीवर थराचा क्रमांक घालायचा. तक्षशिलेला १९४४-४५ मध्ये त्यांनी साठेक विद्यार्थ्यांना हे शिकवलं. पुढे महासंचालक झालेले बी. बी. लाल त्यांतलेच.

आपल्याकडच्या वाचकाने इथे एक जपावं. चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणीची उभी भिंत पाहिली तर वर काळपट माती, खाली तांबडी, मग चिरा, त्याखाली पिवळट-पांढरी शाडू असे पट्टे दिसतात. ते थर एकावर एक साचलेले नाहीत. एकच खडक पावसापाण्याने जागच्या जागी कुजत गेला, त्याच्या त्या पायऱ्या. त्यांवरून माणसाचा काळ मोजता येत नाही. माणसाच्या वस्तीचे थर त्या सगळ्याच्या वर, बहुतेक ठिकाणी हात-दीड हाताचे. त्यात आपली माती आम्लधर्मी. हाडं तिच्यात टिकत नाहीत.

थरांच्या पद्धतीचं फळ दिसलं ते पुदुच्चेरीजवळ. मद्रासच्या संग्रहालयातल्या कपाटात व्हीलरांना भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभाचा एक तुकडा दिसला. चौकशी करत ते पाँडिचेरीला पोहोचले, तेव्हा तो फ्रेंचांचा मुलूख. तिथल्या ग्रंथालयातल्या कपाटात होती तांबड्या तकतकीत भांड्यांची खापरं. इटलीतल्या आरेत्झो गावची ही भांडी. बुडाशी कुंभाराच्या नावाचा शिक्का असतो आणि ती इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धानंतर फारशी बनली नाहीत हे युरोपातल्या उत्खननांतून पक्कं होतं. १९४५ साली अरिकमेडूला खणताना ज्या थरांत ही खापरं आली, त्याच थरांत स्थानिक भांडीही आली. झालं! तोवर दक्षिण भारतातल्या खापरांना वयच नव्हतं; आता इटलीच्या कुंभारामुळे तमिळ कुंभाराचा काळ कळला. दोन वर्षांनी कर्नाटकात ब्रह्मगिरीला तोच धागा महाश्मांपर्यंत, म्हणजे मोठमोठे दगड रचून केलेल्या थडग्यांपर्यंत, नेता आला. कोळसा-हाडांतल्या कार्बनवरून वय काढणारी रेडिओकार्बनची पद्धत तेव्हा अजून यायची होती, म्हणून या खापरांचं मोल. पुढे १९८९ पासून विमला बेगली यांनी तिथे पुन्हा उत्खनन केलं आणि वस्तीचा काळ दोन्ही टोकांना लांबवला. धागा मात्र तुटला नाही.

तुटल्या त्या व्हीलरांच्या रंगतदार गोष्टी. मोहेंजोदडोत १९२० च्या दशकात गल्लीबोळांत, घरांत, जिन्याजवळ मिळून तीन डझनांच्या आसपास सांगाडे सापडले होते. १९४६ साली हडप्प्याला तटबंदी उजेडात आणल्यावर व्हीलरांनी हे सांगाडे आणि ऋग्वेदातला पुरंदर, म्हणजे तटबंदीची पुरं फोडणारा इंद्र, यांची सांगड घातली आणि इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं: आर्यांनी शहर लुटलं, ही शेवटची कत्तल. गोष्ट इतकी झकास की पाठ्यपुस्तकांतून अजून डोकावते. १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी जुन्या नोंदी चाळल्या. सांगाडे एका थरातले नव्हतेच. काही तर ओसाड घरांत नंतर पुरलेले. बालेकिल्ल्यात, जिथे शेवटची झुंज व्हायला हवी, तिथे एकही नाही. जाळपोळ नाही, शस्त्रं नाहीत. नंतर केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली, तेव्हा घावाच्या खुणा फक्त एक-दोन सांगाड्यांवर दिसल्या आणि त्यांतली एक जखम मरणापूर्वी भरलेली. रेडिओकार्बनने शहरांची अखेर इसवी सनापूर्वी १९०० च्या आसपास नेली, व्हीलरांच्या कत्तलीच्या काही शतकं आधी. म्हणजे थर बघा म्हणणाऱ्याचा दावा थरांनीच खोडला.

इंग्लंडातही तेच. मेडन कॅसल या टेकडीवरच्या किल्ल्यात १९३४ ते १९३७ त्यांनी खणलं. पर्यटकांना तिथे सापडलेले गोफणीचे गोटेसुद्धा विकले. जाहिरात त्यांना टीव्हीच्या आधीपासून कळत होती. एका सांगाड्याच्या मणक्यात बाणाचं पातं रुतलेलं मिळालं आणि रोमन फौजेच्या हल्ल्याची थरारक कथा उभी राहिली. पुढच्या उत्खननांनी तीही डळमळीत केली. सांगाडे नीट पुरलेले आहेत, आणि अलीकडच्या रेडिओकार्बन तारखांनुसार ती माणसं एका दिवसात नव्हे, काही पिढ्यांत मेलेली.

मला यात व्हीलरांची फजिती दिसत नाही. गोष्ट चुकली तरी ती तपासता आली, कारण नोंदी होत्या. राग येतो तो वेगळ्याच कारणाने. या पद्धतीत त्यांची पत्नी टेसा हिचा वाटा मोठा होता. १९३० च्या दशकात विद्यार्थ्यांना खड्ड्यात उभं राहून शिकवणारी बहुतेक वेळा तीच. ती १९३६ साली गेली, पडद्यावर मिशी तेवढी राहिली. त्यांच्याकडे शिकलेल्या कॅथलीन केन्यन यांनी जेरिकोला हीच पद्धत आणखी काटेकोरपणे वापरली.

आता गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला या. चिऱ्याच्या सपाट खडकावर बैल, हरणं, मोर, माणसं कोरलेली, आणि एकात एक वर्तुळांचा तो भुलभुलैया. गावकऱ्यांना ठाऊक होतीच. अभ्यासकांना १९९३ साली कळली. पावसाळा सरल्यावर मोबाइल घेऊन येणारे निवेदक बेधडक आकडे फेकतात, कुणी चार हजार वर्षं, कुणी वीस हजार. उघड्या खडकावर ना थर, ना कोळसा, ना हाड, मग आकडा काढायचा कशातून?

एक वाट आहे. पुराच्या गाळाखाली एखादं चित्र अजून झाकलेलं असेल, तर त्या गाळातल्या वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं हे मोजता येतं. जमिनीतल्या किरणोत्सर्गामुळे गाडलेल्या कणात ऊर्जा साठत जाते आणि प्रकाश पडला की ती बाहेर पडते. किती साठली आणि वर्षाला किती साठते, यांचा भागाकार म्हणजे गाडलं गेल्याचं वय. चित्र किमान तेवढं जुनं. फक्त नमुना गाळात लोखंडी नळी ठोकून, दोन्ही तोंडं लगेच बंद करून काढावा लागतो आणि प्रयोगशाळेत मंद तांबड्या उजेडात उघडावा लागतो. टीव्हीवाल्यांनी दिवा मारला की कण रिकामे, आणि नमुना फुकट.